थायलंडला जाताय? आधी शिक्क्यावरची तारीख वाचा

गेल्या वर्षभरात आमच्या छपरीत पाच-सहा पोट्टे येऊन बसून गेले. सगळ्यांच्या मोबाइलवर थोड्याफार फरकानं एकच मेसेज. थायलंड, कॉम्प्युटरवरचं काम, राहणं-खाणं फुकट, महिना 80 हजार, व्हिसाची झंझट नाही. अन् सगळ्यांचा प्रश्नही एकच, "काकू, तुम्ही तिकडं राहून आल्या ना, हे खरं हाय का?"

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावची. हे सूतगिरणीत मेंटेनन्सला होते. 2016 मध्ये त्यांना नाखोन पथोमच्या एका गिरणीत नोकरी लागली. बँकॉकपासून तासाभराचा रस्ता. दिवाळी झाल्यावर मी पाच वर्षांच्या पोराला घेऊन मागून गेले. ती जाताना नेसलेली लालभडक साडी मला जन्मभर आठवेल. 13 ऑक्टोबरला तिथले राजे भूमिबोल वारले होते आणि अख्खा देश काळ्या कपड्यांत होता. विमानतळावर लाल अशी मी एकटीच. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही परत आलो. ह्यांची शिफ्ट बदलती, म्हणून तिघांचेही कागद माझ्याकडे. कृषी केंद्रातून मिळालेली एक चेनची पिशवी होती, वर कपाशीच्या बोंडाचं चित्र. ती घेऊन मी किती रांगा लावल्या त्याची मोजदाद नाही.

आधी त्या मेसेजचं बोलते. बाकी कागद चुकला तर बहुतेक वेळा दंड भरून सुटता येतं. हे चुकलं तर माणूसच हाताशी राहत नाही.

15 जुलै 2024 पासून थायलंडनं भारतीयांना बिनव्हिसा 60 दिवस राहायची सवलत दिली, त्याआधी नोव्हेंबर 2023 पासून ती 30 दिवसांची होती. अशा सवलती तिथलं सरकार कमी-जास्त करत असतं, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या साइटवर बघायचं, मेव्हण्याच्या मित्राला विचारायचं नाही. पण दिवस कितीही असोत, ती सवलत फिरायला जाणाऱ्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. एजंट म्हणतो, "आधी टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर कन्व्हर्ट करून देतो." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. तिथं गेल्यावर नोकरीच्या व्हिसात बदल करता येतो, पण तो खऱ्या कंपनीच्या कागदांवर होतो, विमानतळावर मारलेल्या मुक्कामाच्या शिक्क्याचे किमान 15 दिवस शिल्लक असताना अर्ज द्यावा लागतो, आणि वर्क परमिट हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. एजंट यातलं काहीच करत नाही.

मग तो टुरिस्ट म्हणूनच का पाठवतो? दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. अशा माणसाला नोकरीसाठी 18 देशांत जायचं तर आपल्या सरकारची आधी परवानगी लागते, आणि त्या 18 देशांत थायलंड आहे. ती परवानगी ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. तिथं एजंटचा परवाना क्रमांक लागतो, मालकाचं नाव लागतं, करार लागतो. टुरिस्ट म्हणून विमानात बसवलं की यातलं काही दाखवावं लागत नाही. म्हणून कोणी एजंट आला की पहिली गोष्ट, त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून बघा. दुसरी, नोंदणीकृत एजंटला कायद्यानं 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोट्ट्यानं दीड लाख मोजले होते, बैलजोडी विकून.

तिसरी गोष्ट हिशेबाची. साध्या कंपनीत नोकरीला असलेल्या भारतीयाला तिथं मुक्कामाला वर्षभराची मुदतवाढ हवी असेल तर पगार किमान 35,000 बाथ दाखवावा लागतो. बाथ अडीच रुपयांचा जरी धरला तरी ते साडेसत्त्याऐंशी हजार होतात. मग 80 हजारांवाला माणूस तिथं कायदेशीर बसणार कुठल्या हिशेबात? शिवाय कंपनीला एका परदेशी माणसामागे चार थाई कामगार आणि 20 लाख बाथ भरणा झालेलं भांडवल दाखवावं लागतं. मोबाइलवरच्या ऑफर लेटरला यातलं काही नसतं, नुसता रंगीत लोगो असतो.

आणि चौथी, सगळ्यात मोठी. उतरल्यावर गाडी बँकॉकच्या बाहेर पडून मे सोतच्या दिशेनं निघाली, तर उतरा. पोटात दुखतं म्हणा, बाथरूम म्हणा, पेट्रोलपंपावर आरडाओरडा करा, पण उतरा. मे सोतला मोई नदी आहे, पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. नदी ओलांडली की थायलंडचा कायदा संपला. तिकडे ऑनलाइन फसवणुकीच्या वसाहती आहेत, पासपोर्ट काढून घेतात आणि माणसाला बारा-बारा तास लोकांना गंडवायला बसवतात. मार्च 2025 मध्ये दोन खेपांत 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणलं. त्यातले बहुतेक असाच मेसेज वाचून गेले होते.

हे ऐकल्यावर अर्धे पोट्टे गप उठून जातात. जे थांबतात, त्यांच्यासाठी पुढचं.

खरी नोकरी असेल तर व्हिसा लागतो तो नॉन-इमिग्रंट बी. बायको-मुलांना नॉन-इमिग्रंट ओ. जानेवारी 2025 पासून भारतातून हा अर्ज ऑनलाइन होतो, पासपोर्ट पाठवावा लागत नाही. आमच्या वेळी सगळं बाड मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासात जायचं.

बायका-पोरांना नेणाऱ्यांनी इथं थांबून वाचा, कारण माझे चार महिने यातच गेले. आमचं लग्न 2009 चं, मांडव टाकून, पंगती उठवून झालेलं. नोंदणी कोण करतं? थाई लोकांना मात्र मांडवाचे फोटो चालत नाहीत, विवाह नोंदणीचा दाखला लागतो. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, तेवढं बरं. पण माझ्या शाळेच्या टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पासपोर्टवर माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन्हींपेक्षा वेगळं. पोराच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव नुसतं 'सौ.' लावून घरचं लाडाचं. ग्रामसेवक म्हणाला, "ताई, ह्या चार बाया कोण कोण हायेत?"

तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळे कागद ओट्यावर पसरा आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच खरं धरून बाकीचे दुरुस्त करून घ्या. एका अक्षराचाही फरक ठेवू नका. 'आय'च्या जागी डबल 'ई' असलं की थाई भाषांतरात तुम्ही दुसरीच बाई होता. मग त्या दाखल्यांवर राज्य सरकारचा शिक्का, त्यावर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यावर थाई दूतावासाचा. पुढे तिकडे त्याचं थाई भाषांतर, आणि बँकॉकला चेंग वत्थना रोडवर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा वाणिज्य विभाग आहे, तिथं भाषांतराला मान्यता. हे दाखले इथूनच करून न्या. तिकडून पुन्हा ग्रामसेवकाच्या मागे लागायचं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत टीडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. 1 मे 2025 पासून विमानात मिळणाऱ्या कागदी कार्डाच्या जागी तो आला. फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओ डॉट टीएच' बघा.

आता शिक्का. मला कोणी विचारलं की एकच गोष्ट सांग, तर मी हीच सांगेन. व्हिसावर जी तारीख असते ती दारापाशी पोचायची शेवटची तारीख असते. घरात किती दिवस राहायचं, ते विमानतळावर मारलेल्या शिक्क्यावर असतं. एकेरी नॉन-इमिग्रंट व्हिसा तीन महिने वापरता येतो, पण एकदा आत शिरलात की 90 दिवस मिळतात, आणि उतरलात तो दिवस पहिला. तीन महिने म्हणजे 90 दिवस नव्हेत, मोजून बघा. आमच्या मागच्या गल्लीत राहणारा एक मिस्त्री शिक्का न वाचताच बसला आणि त्यावरच्या तारखेच्या पुढे अकरा दिवस राहिला. दिवसाला 500 बाथ, 5,500 मोजून सुटला. दंड 20,000 च्या वर जात नाही, म्हणून काही शहाणे म्हणतात, "मंग राहू द्या ना." तसं करू नका. 90 दिवसांच्या वर राहून स्वतः विमानतळावर गेलात तरी वर्षभर पुन्हा प्रवेश नाही, वर्षाच्या वर राहिलात तर तीन वर्षं. आणि रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर थेट पाच वर्षं, मग मुदत एका दिवसानं का उलटलेली असेना.

विमानतळावर शिक्का मारून घेतला की काउंटरपासून हलायच्या आधी तारीख वाचा. माझा पोरगा वाचून दाखवायचा, त्याला तो खेळ वाटे. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. रस्त्यावर आलात की ती तुमची चूक.

घरी पोचल्यावर चोवीस तासांत घरमालकानं इमिग्रेशनला कळवायचं असतं की माझ्याकडे परदेशी माणूस राहायला आलाय. फॉर्मचं नाव टीएम 30. आपल्याकडे गावात कोणी अनोळखी मुक्कामाला आला की पोलीस पाटलाच्या कानावर घालतात, तसंच. कायद्यानं काम घरमालकाचं, पण पावती नसेल तर रांगेत अडवतात तुम्हाला. म्हणून भाडं ठरवतानाच विचारायचं, "टीएम 30 करून देता का?" नाही म्हणाला तर घर कितीही सुरेख असो, पुढं चला. घराचं त्यांचं एक पुस्तक असतं, तबियेन बान. आपलं रेशनकार्ड आणि घराचा नमुना आठ एकत्र केल्यासारखं. त्याची झेरॉक्स आणि मालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स मागून घ्या. आमची मालकीण म्हातारी होती, पिशवीवरचं बोंड बघून तिनं मला कापसाच्या वातींबद्दल विचारलं. मी पुढच्या खेपेला शंभर वाती नेल्या. त्यानंतर तिची सही कधी अडली नाही.

मग वर्षभराची मुदतवाढ. फी 1,900 बाथ माणशी. कंपनी चांगली असेल तर तिचा माणूस सगळे कागद लावून देतो, पण प्रत्येक पानावर सही तुमची. झेरॉक्सवर निळ्या शाईनं सही, आणि थाईत लिहून घेतात 'सामनाव थूक तोंग'. 'थूक' ऐकून मला पहिल्यांदा इतकं हसू आलं की समोरची बाई बघतच राहिली. तिकडे त्याचा अर्थ बरोबर. एकूण, नक्कल बरोबर आहे. त्या इमिग्रेशन ऑफिसला सगळे 'तो-मो' म्हणतात. सकाळी उघडायच्या आधी जा, दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी. बर्मुडा घालून जाऊ नका. आवाज चढवलात की काम संपलं, समोरचा हसून नियम काढतो आणि तुम्ही घरी.

त्यांची वर्षं बुद्धाच्या परिनिर्वाणापासून मोजतात. आपल्या सालात 543 मिळवा, म्हणजे 2025 चं 2568. कागदावर 2568 बघून घाबरू नका, पण तारीख भरताना कुठलं साल मागितलंय ते बघा. सुट्ट्याही आपल्या ओळखीच्या. बुद्धपौर्णिमेला विशाखा बुचा, आषाढी पौर्णिमेला आसान्हा बुचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्षावास सुरू होतो त्याचीही सुट्टी. एप्रिलच्या मध्याला सोंगक्रान, तेव्हा तर ऑफिसात चिटपाखरू नसतं. मुदत त्या आठवड्यात संपत असेल तर आधीच जाऊन या. आमच्या वस्तीतले बौद्ध शेजारी मला नागपूरच्या दीक्षाभूमीला दरवर्षी नेत, त्यामुळे हे सण मला तिकडे परके वाटले नाहीत. नाखोन पथोमचा तो थोरला स्तूप दिसला तेव्हा तर गलबलूनच आलं.

दर 90 दिवसांनी आणखी एक हजेरी, फॉर्म टीएम 47. मी कुठे राहते, एवढंच सांगायचं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचा हयातीचा दाखला असतो ना, त्यातला प्रकार. तो दिल्यानं पेन्शन वाढत नाही, तसा हा दिल्यानं मुक्काम वाढत नाही. लोक इथं फार गोंधळतात. ठरल्या दिवसाच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत जाता येतं. फुकट. चुकलं तर 2,000 बाथ. एकदा पोराच्या तापात मी विसरले आणि दहा दिवस उशिरा गेले, ते 2,000 अजून टोचतात. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी नव्यानं सुरू होते. भिंतीवर कालनिर्णय होतंच, त्यावर मी लाल पेनानं गोल करायचे, नव्वदीचा लहान, मुक्कामाचा मोठा.

आता माझी स्वतःची ठेच. जुलै 2018. गावाहून रात्री फोन आला, बाबांना सेवाग्रामला भरती केलं. सकाळच्या विमानात मी बसलेही. ह्यांच्या पासपोर्टवर री-एन्ट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची परवानगी होती, मला वाटलं ते घरच्या सगळ्यांना लागू. नसतं. परमिट प्रत्येकाचं वेगळं, एका खेपेचं 1,000 बाथ, कितीही खेपांचं 3,800. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षभराची मुदतवाढ तिथल्या तिथे रद्द. कोणी अडवत नाही, कोणी सांगत नाही. वीस दिवसांनी बाबा बरे झाल्यावर परतले, तेव्हा काउंटरवरचा माणूस पान उलटसुलट करत राहिला. शेवटी 2,000 बाथ भरून 15 दिवसांचा व्हिसा ऑन अरायव्हल. 3,800 वाचवले असंही नाही, मला त्याची गरज आहे हेच माहीत नव्हतं. पुढे नवा व्हिसा घ्यायला रात्रीच्या रेल्वेनं नोंग खायला, तिथून नदीपलीकडे लाओसच्या व्हिएंतियानला थाई दूतावासात. पोरगा मांडीवर, बोंडाची पिशवी उशाला. म्हणून सांगते, मुदतवाढीचा शिक्का मिळाला की त्याच दिवशी, त्याच ऑफिसात, घरच्या प्रत्येकाचं अनेक खेपांचं री-एन्ट्री घेऊन टाका. दुःखाचा फोन रांग लावायला वेळ देत नाही. अगदीच ऐनवेळ झाली तर बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघताना त्याचं काउंटर आहे, ते विचारा.

दुसरी ठेच डब्याची. गिरणीतल्या तीन-चार एकट्या पोरांना घरचं जेवण पाहिजे होतं. मी भाकरी, झुणका, वांग्याची भाजी द्यायला लागले, महिन्याचे पैसे ठरले. तिसऱ्या आठवड्यात बँकॉकच्या एका जाणत्या बाईनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर, आजच." ओ व्हिसावरच्या बायकोला वर्क परमिटशिवाय कुठलंही काम चालत नाही, घरातून केलं तरी. आजच्या कायद्यात विनापरवाना कामाला 5,000 ते 50,000 बाथ दंड, देशाबाहेर रवानगी, आणि दोन वर्षं परमिट नाही. रस्त्यावर बसून विकणं, गाडी चालवणं, केस कापणं असली काही कामं तर थाई लोकांसाठीच राखीव आहेत. ज्याच्याकडे परमिट आहे त्यानंही त्यावर लिहिलेल्या मालकाकडे, लिहिलेलंच काम करायचं. पूर्वी ते परमिट निळं पुस्तक होतं, आता ऑनलाइन झालंय. पोरं पुढेही जेवायला येत राहिली, पण पाहुणी म्हणून. तिकडे भारतीयांना 'खेक' म्हणतात, त्याचा अर्थही पाहुणाच.

नोकरी सुटली तर? ज्या दिवशी काम संपतं त्याच दिवशी मुक्कामही संपतो, शिक्क्यावर आठ महिने शिल्लक दिसत असले तरी. नवऱ्याचा संपला की बायको-पोरांचाही. 1,900 भरून सात दिवस मागता येतात, सामान बांधायला. म्हणून गिरणी बदलताना राजीनाम्याची तारीख रागाच्या भरात लिहायची नाही. नव्या कंपनीचे कागद हातात आले की मग. ह्यांनी 2019 मध्ये गिरणी बदलली तेव्हा मी राजीनामा तीन आठवडे पिशवीत दडवून ठेवला होता. भांडण झालं, झालं तर झालं.

पासपोर्ट हरवला किंवा संपत आला तर बँकॉकला सुखुमवितच्या सोई 23 मध्ये आपला दूतावास आहे. नवा मिळाल्यावर जुन्यातला शिक्का तो-मोमध्ये जाऊन नव्यात उतरवून घ्यायचा, ते काम आपोआप होत नाही. जुना फेकू नका.

परवा पुन्हा एक पोट्टा आला. आयटीआय फिटर, दहावी पास. ह्याच्याकडे मात्र कंपनीचं पत्र होतं, पगार 38,000 बाथ, खाली कंपनीचा नोंदणी क्रमांक. मी त्याला म्हटलं, क्रमांक आधी तपासून घे, अन् मंग पासपोर्ट दाखव. त्यावर त्याच्या बापाचं नाव एक अन् टीसीवर दुसरंच. सोमवारी ग्रामसेवक भेटतो.